मऊ तोंडाचं घोडं, सौम्य लगाम : एक आढावा

कोल्हापुरात टांग्यांची जागा रिक्षांनी घेतली त्याला बराच काळ लोटला, पण घोडं इथून गेलेलं नाही. रंकाळ्यावर आणि पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवणारी घोडी आहेत. लग्नाच्या वरातीला घोडा लागतो, जोतिबाच्या पालखीच्या लवाजम्यात घोडा असतो, आणि शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात जत्रेला घोडागाडीच्या शर्यती लागतात. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेने काठेवाडी, मारवाडी घोडं आणून दारात बांधणारे तरुणही आहेत. या सगळ्यांपुढे कधी ना कधी एकच अडचण उभी राहते. घोडं तोंडाचं मऊ निघतं. लगामाला हात लागला की मान झटकतं, तोंड वासतं, जीभ बाहेर काढतं किंवा लगामावरून वर घेतं. कधी मागे सरतं, कधी उधळतं. मग मालक विचारतो, याला कुठला लगाम घालू?

उत्तरं चार दिशांनी येतात. कुणी सांगतं, जरा कडक लगाम घाल म्हणजे वठणीवर येईल. कुणी जाड, गुळगुळीत, सौम्य लगाम सुचवतं. तिसऱ्याच्या मते लगामाचा दोष नाही, हाताचा आहे. चौथा म्हणतो, तोंडात लोखंड घालूच नको. या चारही बाजूंना आपापला इतिहास आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यांतल्या काही दाव्यांची प्रत्यक्ष तपासणीही झाली आहे. तिचा इथे आढावा घेतो. लेखात लगाम म्हणजे तोंडातला लोखंडी भाग, आणि हातात येतात त्या वाद्या, असं धरलं आहे.

तोंडाच्या आत

वादात शिरण्याआधी घोड्याचं तोंड पाहायला हवं, कारण निम्मे गैरसमज तिथलेच आहेत.

घोड्याचे पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यांच्यामध्ये नुसत्या हिरडीची मोकळी जागा असते. लगाम बसतो तो इथे. ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवला की ही जागा हाताला लागते. खालच्या जबड्याची कड तिथे अरुंद आणि धारेसारखी असते आणि हाडावर कातडीचा फक्त पातळ थर असतो. आपल्या नडगीवरून बोट फिरवावं तसं ते लागतं : वर मांस नाही, लगेच हाड. नराला या मोकळ्या जागेत बहुधा सुळे असतात, घोडीला क्वचित. शिवाय पुष्कळ घोड्यांना पहिल्या दाढेपुढे एक छोटासा निरुपयोगी दात उगवतो. पशुवैद्य त्याला वुल्फ टूथ म्हणतात. लगाम त्यावर आपटत असेल तर जगातला सगळ्यात सौम्य लगामही घोड्याला सहन होणार नाही.

दुसरी गोष्ट जिभेची. तोंड मिटलं की आतली जवळजवळ सगळी जागा जीभच व्यापते. जर्मनीतल्या एंगेल्के आणि गासे यांनी 2003 मध्ये घोड्याच्या तोंडाच्या पुढच्या भागाची मापं प्रसिद्ध केली. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये जाड लगामाला वाटते तेवढी जागा नसते, हे त्यांतून दिसलं. म्हणजे लगाम पहिल्यांदा जिभेवर टेकतो, मग जबड्याच्या कडेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत. हिलरी क्लेटन यांनी 1980 च्या दशकात क्ष-किरणांच्या चलच्चित्रणाने लगाम तोंडात कसा हलतो ते पाहिलं. मधोमध एकच सांधा असलेला लगाम ओढला की सांधा टाळूवर आपटतो, असं घोडेस्वारीच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जात होतं. चित्रणात मात्र ओढ बसल्यावर लगाम मुख्यतः जिभेत दबलेला दिसला. जीभ मऊ असते, म्हणून ती दाब झेलून जबड्याला वाचवते. तिला पळायला जागा नसते, म्हणून घोडं ती बाहेर काढतं किंवा लगामावरून वर घेतं. मालकाला हा हट्ट वाटतो, पण ती बहुतेक वेळा सुटकेची धडपड असते.

मागचा इतिहास

महाराष्ट्राच्या मातीत लगाम फार जुना आहे. नागपूरजवळच्या माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा इथल्या महापाषाणीय दफनांत घोड्यांच्या सांगाड्यांबरोबर साज आणि लोखंडी लगाम सापडले आहेत. ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले आहेत. घोडा माणसाबरोबर पुरला जात होता आणि लगामही त्याच्याबरोबर जात होता.

सौम्य आणि कठोर लगामांचा वादही तितकाच जुना म्हणता येईल. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने घोडेस्वारीवरच्या ग्रंथात दोन लगाम बाळगायला सांगितले, एक गुळगुळीत आणि एक टोचणारा. टोचणाऱ्याचा अनुभव घेतला की घोडं गुळगुळीत लगामाची किंमत ओळखतं, असा त्याचा हिशेब होता. त्याच झेनोफनने हात हलका ठेवण्यावर आणि घोड्याने ऐकलं की लगेच ढील देण्यावर मोठा भर दिला. आजचे दोन्ही पक्ष त्याला आपापल्या बाजूचा साक्षीदार करतात, आणि दोघांनाही तो अर्धाच लागू पडतो.

भारताबद्दलची जुनी नोंद आरियनच्या ‘इंडिका’त आहे. तिच्यातली माहिती अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस याच्याकडून आली. भारतीय लोक घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या चामड्याचं कडं बसवतात, त्याच्या आतल्या बाजूला लोखंडी किंवा पितळी काटे असतात, श्रीमंतांकडे ते हस्तिदंती असतात, आणि तोंडात वाद्यांना जोडलेली लोखंडी सळई असते, असं तिथे सांगितलं आहे. ते काटे फार तीक्ष्ण नसतात, हेही आरियन नोंदवतो. काट्याच्या जोरावर घोडं ताब्यात ठेवायची रीत आपल्याकडे निदान सव्वादोन हजार वर्षांची आहे, एवढं त्यावरून म्हणता येतं. आज ती चालू राहण्यामागे निव्वळ क्रौर्य आहे असं म्हणून मोकळं होणं मला त्यामुळे पटत नाही. तिच्यामागे सवय आहे, आणि सवय मोडायला कारणं द्यावी लागतात.

दुसरी परंपराही आपल्याच भूमीतली आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात घोड्यांची पारख आणि घोड्यावरचे खेळ सविस्तर आले आहेत. नकुलाच्या नावावर चालणारं ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या मराठी राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने 1952 मध्ये छापलं. या वाङ्मयात घोड्याचा स्वभाव ओळखून त्याला शिकवण्याला मान आहे. घोडं शिकवणं हा पेशा होता आणि तो करणारा चाबूकस्वार पागेतला कसबी माणूस मानला जाई.

कोल्हापुरात या कसबाचं नाव राजर्षी शाहू छत्रपतींशी जोडलेलं आहे. 1894 मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या या राजाला घोड्यांचं वेड होतं, आणि त्यांचा खडखडा अजून लोकांच्या बोलण्यात आहे. ही जड, बिनस्प्रिंगची गाडी नव्या घोड्यांना जुंपून गाडीची सवय लावण्यासाठी वापरत. महाराज ती स्वतः हाकत. आपल्या विषयापुरतं यातलं महत्त्वाचं एवढंच, की नवं घोडं आधी मोकळ्या रानात, जाणत्या हातात, सावकाश तयार व्हायचं. आज बाजारातून आणलेलं घोडं आठवड्याभरात वरातीत उभं राहतं. मधलं शिक्षण गळालं आहे आणि त्याची जागा कडक लोखंडाने घेतली आहे.

काट्याची बाजू

काटेरी लगाम हातात घेऊन नीट पाहावा. आडव्या दांड्यावर चकत्या ओवलेल्या असतात आणि त्यांच्या कडांना दाते असतात. वाद्या सैल असताना ते जिभेवर नुसते टेकतात. वाद्या ओढल्या की चकत्या फिरतात आणि दाते जिभेत, ओठाच्या कोपऱ्यात रुततात. रोज असा लगाम वागवणाऱ्या घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यात चिरा पडतात, जखम भरते तिथे पांढरे डाग उरतात, आणि हळूहळू कातडी जाड होऊन बधिर होते. मग घोडेवाले म्हणतात, तोंड मेलं.

हा लगाम वापरणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. वरातीत डॉल्बीच्या भिंती असतात, फटाके असतात, चहूबाजूंनी लोक आणि लहान मुलं असतात, आणि वर बसलेल्या नवरदेवाला घोडेस्वारीची काही माहिती नसते. अशा गर्दीत तीन-साडेतीनशे किलोचं जनावर उधळलं तर माणसं जायबंदी होतील. त्या क्षणी घोडं जागच्या जागी थांबलंच पाहिजे. नाचऱ्या घोड्यांच्या बाबतीत तर मालकाचं पोट त्या हालचालींवर असतं. हा युक्तिवाद सुरक्षेचा आहे आणि त्याला उत्तरही सुरक्षेच्या भाषेतच द्यावं लागेल.

ते उत्तर असं. घोडं हे पळणारं जनावर आहे, दुखलं की पळणं हा त्याचा जन्मजात बचाव आहे. तोंडात अचानक असह्य कळ उठली तर काही घोडी थांबतात, काही मागच्या पायांवर उभी राहतात, आणि काही त्या कळेपासूनच पळत सुटतात. म्हणजे ज्या अपघाताच्या भीतीने काटा घातला तोच अपघात काट्यामुळे घडू शकतो. शिवाय बधिर झालेलं तोंड पुढच्या वेळी त्याहून कडक लोखंड मागतं. मऊ तोंडाच्या घोड्याला ही वाट सर्वांत घातक, कारण ते मुळातच दुखण्यावर प्रतिक्रिया देत असतं.

कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकाली काढला आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1965 मध्ये ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम आणि साज वापरायला त्यांनी मनाई केली. पण मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये आहे. साठ वर्षांपूर्वी ठरलेल्या या रकमेचा धाक आज कुणाला वाटणार?

सौम्य लगाम म्हणजे कोणता

इथून पुढे मतभेद बारीक होतात आणि पुरावेही अधिक मिळतात.

सौम्य लगामाची रूढ व्याख्या सोपी आहे : दोन बाजूंना कड्या, मध्ये गुळगुळीत दांडा, दांडा जितका जाड तितका दाब पसरतो, म्हणून तितका सौम्य. याला स्नॅफल म्हणतात. वाद्या थेट कडीला जोडलेल्या असतात, त्यामुळे हाताची ओढ जेवढी तेवढीच तोंडात पोहोचते. पेलहॅमसारख्या लगामाला कडीखाली लांब दांडी आणि हनुवटीखाली साखळी असते, त्यात तरफेमुळे तीच ओढ वाढून पोहोचते. कसलेल्या हातात असा लगाम नाजूक इशाऱ्यांसाठी उपयोगी पडतो, पण शिकाऊ हातात आणि मऊ तोंडात तो नको, यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे.

स्नॅफलचेही प्रकार आहेत. एका सांध्याचा असतो, मध्ये छोटा चपटा किंवा गोलसर तुकडा घातलेला दोन सांध्यांचा असतो, आणि बिनसांध्याचा किंचित बाकदारही असतो. धातूतही निवड आहे. पोलाद, तांबं मिसळलेला धातू, गंजू दिलेलं साधं लोखंड, रबर, प्लास्टिक. तांब्याने लाळ सुटते, रबर मऊ लागतं, अशा समजुती विक्रेते आणि स्वार दोघेही सांगतात. काही घोड्यांच्या वागण्यात फरक पडलेला स्वारांना दिसतोही, पण धातूच्या चवीबद्दलचा पक्का पुरावा तोकडाच आहे.

या रूढ व्याख्येला मोठा धक्का फिनलंडमधून बसला. काती तुओमोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यत संपल्याबरोबर दुडक्या चालीने गाडी ओढणाऱ्या 261 घोड्यांची तोंडं तपासली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 84 टक्के घोड्यांच्या तोंडात लगामाच्या जागी ताज्या जखमा किंवा मुका मार आढळला. तोंडाबाहेर रक्त दिसलं ते फक्त 2 टक्के घोड्यांत, आणि लगाम काढल्यावर त्याला रक्त लागलेलं होतं 5 टक्क्यांत. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद वाटते. आपल्याकडे शर्यतीनंतर मालक घोड्याच्या तोंडाकडे बघतो, फेसात लाल दिसलं नाही की निश्चिंत होतो. फिनलंडचे आकडे सांगतात, की बाहेरून बघणं म्हणजे न बघणंच. आणि ही घोडी स्वारीची नव्हती. ती आपल्या जत्रेतल्या घोडागाडीसारखी मागे गाडी घेऊन शर्यत धावणारी होती. कोल्हापूरच्या घोडागाडीवाल्यांना याहून जवळचा अभ्यास मिळणं कठीण.

याच गटाने 2021 मध्ये कोणत्या लगामाला जास्त जखमा होतात ते तपासलं. मऊ आणि कनवाळू समजला जाणारा बिनसांध्याचा सरळ प्लास्टिक लगाम जखमांच्या बाबतीत साध्या सांध्याच्या लगामापेक्षा वाईट ठरला. त्या गटात घोडी थोडी होती हे खरं, तरी कल स्पष्ट होता. जबड्याच्या कडेवरच्या जखमा बिनसांध्याच्या लगामांशी अधिक जोडलेल्या दिसल्या. कारण समजण्याजोगं आहे. प्लास्टिक ओलं नसलं की कातडीला घासतं, आणि सरळ दांडा जिभेभोवती वाकत नाही. नियंत्रणासाठी घेतलेल्या काही खास लगामांतही धोका मोठा होता.

त्याच वर्षी त्यांनी अडथळ्यांच्या क्रॉस-कंट्री दौडीनंतर 208 स्वारीची घोडी पाहिली. 52 टक्क्यांत ताज्या जखमा होत्या. जाडीचं गणित इथेही अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं. 10 ते 13 मिलिमीटरचे पातळ लगाम धोक्याचे निघाले यात नवल नाही, पण 18 ते 22 मिलिमीटरचे जाड लगामही तितकेच संशयास्पद ठरले. मधले, 14 ते 17 मिलिमीटरचे, तुलनेने बरे. एंगेल्के आणि गासे यांची मापं लक्षात घेतली तर हे जुळतं. जागा नसलेल्या तोंडात जाड दांडा म्हणजे जीभ आणि टाळू यांच्यामध्ये कायमची पाचर. जितका जाड तितका सौम्य हा नियम त्यामुळे सोडावा लागतो. लगाम सौम्य आहे की नाही हे तो कुठल्या तोंडात जातो त्यावर ठरतं.

मापाचा मुद्दाही इथलाच. बाजारात सहज मिळणारे लगाम कानपूरचे असतात आणि बऱ्याचदा पाच इंची. काठेवाडी, मारवाडी आणि लहान चणीच्या भीमथडी घोड्यांचं तोंड निमुळतं, अनेकांना साडेचार-पावणेपाच इंच पुरतं. रुंद लगाम एका बाजूने ओढला की सरकतो, सांधा मधून हटतो आणि कडी ओठ चिमटते. अरुंद लगाम कोपरे कायम दाबून धरतो. दोन्ही बाजूंना साधारण पाव इंच मोकळं राहील इतकंच माप हवं. उंचीबाबत जुना नियम असा, की ओठाच्या कोपऱ्यात दोन सुरकुत्या पडाव्यात. आता अनेक जाणकार लगाम कोपऱ्याला नुसता टेकावा, फार तर एक सुरकुती पडावी, असं सांगतात. मऊ तोंडाच्या घोड्याला मी दुसरं मत लागू करीन.

हाताची बाजू

तिसऱ्या पक्षाचं म्हणणं असं, की लगामाचा सौम्यपणा शेवटी वाद्यांच्या दुसऱ्या टोकाला ठरतो. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू मॅक्लीन आणि त्यांच्या मताचे प्रशिक्षक शिकण्याच्या शास्त्राचा आधार घेतात. दाब द्यायचा तो विचारण्यापुरता, आणि घोड्याने उत्तर दिलं की त्याच क्षणी सोडायचा. घोडं शिकतं ते दाबामुळे नव्हे, दाब सुटण्यामुळे. थांबल्यावरही वाद्या ताणून धरल्या तर थांबल्याचा काही फायदा नाही एवढंच ते शिकतं. त्यातून काही घोडी तोंडाची कडक होतात आणि काही घाबरट. दोन्हींचं मूळ एकच.

या बाजूत मोठं तथ्य आहे. झेनोफनपासून चाबूकस्वारांपर्यंत सगळ्यांनी हेच सांगितलं. पण तिची एक मर्यादाही आहे. रंकाळ्यावरच्या घोड्यावर दिवसभरात वेगवेगळी मुलं बसतात, आणि तोल गेला की प्रत्येक जण वाद्यांनाच लोंबकळतो. वरातीतला नवरदेव तेच करतो. तिथे हात सुधारा हा सल्ला कुणाला द्यायचा? हात बदलता येत नसेल तर हाताची ओढ तोंडापर्यंत पोहोचू न देणं हाच मार्ग उरतो.

लोखंडाविना

चौथ्या बाजूचे आद्य पुरस्कर्ते म्हणजे अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले शल्यतज्ज्ञ रॉबर्ट कुक. लगामामुळे जबड्याच्या कडेच्या हाडावर नको ती वाढ होते आणि पहिली दाढ झिजते, असं त्यांनी हाडांच्या तपासणीतून मांडलं. हनुवटीखालून फुलीसारखे पट्टे जाणारी बिनलगामाची मोहरकी त्यांनी प्रचारात आणली. 2019 मध्ये त्यांनी आणि किबलर यांनी 66 घोड्यांबद्दलचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. लगाम असताना दुखण्याची लक्षणं घोड्यामागे मध्यमानाने 23 होती, लगाम काढल्यावर 2. न्यूझीलंडचे डेव्हिड मेलर यांनी 2020 मध्ये तोंडातल्या वेदनेचं शरीरशास्त्र मांडून साधारण हाच निष्कर्ष काढला.

आक्षेपही ठोस आहेत. 66 घोड्यांची माहिती ज्या स्वारांनी दिली ते स्वतःच बिनलगामाकडे वळलेले होते. कुक स्वतः अशा मोहरकीच्या प्रचाराशी जोडलेले होते. त्यांची 2009 ची तुलना तर केवळ चार घोड्यांवरची होती. आणि नाकावरचा दाबही दाबच असतो. नाकाचं हाड खाली पातळ होत जातं, तिथे पट्टा बसला किंवा मेकॅनिकल हॅकमोरच्या लांब दांड्यांनी ओढ वाढली तर दुखापत होतेच. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या उड्यांच्या स्पर्धेत बिनलगाम चालतो, ड्रेसाजमध्ये, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, मात्र लगाम लागतोच. त्यामुळे स्पर्धेची स्वप्नं बघणाऱ्याला ही वाट अर्धीच मोकळी आहे.

अजून न सुटलेलं

काही गाठी तशाच आहेत. डेन्मार्कमध्ये मेटे उल्दाल आणि क्लेटन यांनी स्पर्धेतली 3143 घोडी पाहिली. 9.2 टक्क्यांत ओठाच्या कोपऱ्यात जखम किंवा रक्त होतं. नाकपट्टी सैल असलेल्या घोड्यांत ते प्रमाण जास्त निघालं, कमी नाही. घट्ट पट्टीने तोंड बंद राहतं म्हणून लगाम कमी सरकतो आणि बाहेरची जखम टळते, की आतली जखम फक्त झाकली जाते? त्या पाहणीत फक्त बाहेरून दिसणारे कोपरे तपासले होते, त्यामुळे याचं उत्तर तिच्यात मिळत नाही. डेन्मार्कचे 9 टक्के आणि फिनलंडचे 84 टक्के यांतलं अंतर बरंचसं कुठे पाहिलं यावरून पडलं आहे.

वेदना मोजायची कशी, हाही वाद आहे. एक गट जखमा मोजतो, दुसरा वागणूक. जखम नसताना घोडं दुखण्याची चिन्हं दाखवू शकतं, आणि निबर झालेलं घोडं जखम असून गप्प राहू शकतं. घोडं दुखतं म्हणून उधळतं की उधळतं म्हणून ओढावं लागतं आणि मग दुखतं, याचा उलगडा एकदाच केलेल्या पाहणीतून होत नाही. शिवाय हे आकडे मोठ्या चणीच्या युरोपीय घोड्यांचे आहेत. 14 ते 17 मिलिमीटर ही मर्यादा निमुळत्या तोंडाच्या काठेवाडीला जशीच्या तशी लावता येईल का, हे आपल्याकडची तोंडं मोजूनच कळेल. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र 1985 पासून काम करत आहे, आणि शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय तर कोल्हापूरहून काही तासांवर. शे-दोनशे देशी घोड्यांच्या तोंडांची मापं घेणं हे मोठ्या खर्चाचं काम नाही. ते व्हायला हवं.

दारातल्या घोड्यासाठी

तोवर मालकाने काय करावं, याबद्दल चार पक्षांत वाटतो त्यापेक्षा जास्त सहमतीचा भाग आहे. पहिलं पाऊल दुकानाकडे नाही, पशुवैद्याकडे. दाढांच्या धारदार कडा, वुल्फ टूथ, जिभेवरचे जुने काप, फुटलेले कोपरे पाहून घ्यावेत. दाढा कानसून घेतल्यावर कितीतरी घोड्यांचं तोंड एकाएकी कमी मऊ होतं. जखम असेल तर ती भरेपर्यंत लगाम बंद, घोडं मोहरकीवर. मग तोंडाचं माप घेऊन गुळगुळीत, मध्यम जाडीचा, शक्यतो दोन सांध्यांचा स्नॅफल, आणि साखळी किंवा लांब दांडी नाही. जबड्याची कड बोटाला फार धारदार लागत असेल तर किंचित बाकदार लगामही करून पाहावा, मात्र प्रत्येक कामानंतर ओठ उचलून आत पाहावं. तीन-चार वेळा तोंड स्वच्छ दिसलं तर लगाम जमला असं समजावं. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत, म्हणजे घोड्याला जे सांगायचं ते सांगता येईल.

बिनलगामाची मोहरकी घ्यायची असेल तर आधी कुंपणातल्या मैदानात, ओळखीच्या माणसाच्या हाती. रस्त्यावर पहिला प्रयोग नको.

जिथे घोडं कुणीतरी हाताने धरून चालवतं, त्या रंकाळा-पन्हाळ्याच्या फेऱ्या आणि वराती यांत माझं मत स्पष्ट आहे. धरायची दोरी लगामाच्या कडीला कधीच नको, ती मोहरकीला बांधावी. मुलांना धरायला वाद्या हव्याच असतील तर त्याही मोहरकीलाच जोडाव्यात. मुलाला काही फरक कळत नाही, घोड्याला कळतो. वरातीत दोन बाजूंनी दोन जाणती माणसं आणि आवाजाची आधीपासून केलेली सवय यांनी काट्यापेक्षा अधिक भरवशाचं नियंत्रण मिळतं. शर्यतीच्या घोडागाडीला लगाम लागेल, पण शर्यत संपल्यावर प्रत्येक घोड्याचं तोंड आतून तपासण्याचा नियम जत्रेच्या पंचांनी करावा. त्याला एक टॉर्च आणि घोड्यामागे दोन मिनिटं पुरतात. आणि काटेरी लगाम अजून कुणाच्या खुंटीला असेल, तर तो वापरणं 1965 पासून बेकायदा आहे. तो दुसऱ्याला विकू नये, भंगारातच घालावा.